एनएफएल ड्राफ्ट: वाइड रिसीव्हर पहिल्याच राउंडला उचलावा का?

ओहायोकर

मंडळी, अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजच्या पोरांची टीमनिहाय निवड, आठवड्यावर आलाय (२४ ते २६ एप्रिल २०२५, यंदा ग्रीन बेला) आणि आमच्या घरात चार वर्षांपूर्वीचं भांडण परत उकरून निघालंय, म्हणून हा धागा.

पार्श्वभूमी सांगतो. २०२१, आमच्या बेंगल्सकडे पाचवा पिक (निवडीचा नंबर). आमचा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) जो बरो, त्याचा गुडघा आदल्या सीझनला गेलेला, कारण त्याला वाचवणारी पुढची लाइन म्हणजे चाळण. सगळं जग म्हणत होतं पेनाय सेवेल घ्या, टॅकल आहे, लाइनचा रखवालदार, दहा वर्षं क्वार्टरबॅकची काळजी मिटेल. आणि आमच्या लोकांनी घेतला रिसीव्हर (पास झेलणारा) जमार चेस, बरोचा एलएसयू कॉलेजमधला दोस्त, जो २०२० चा अख्खा सीझन खेळलाच नव्हता. मी टीव्हीसमोर उभा राहून ओरडलो होतो. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा, तो सोफ्यावर उड्या मारत होता.

त्याच वर्षी चेसने १४५५ यार्ड काढले आणि आम्ही थेट सुपर बोलला, म्हणजे फायनलला. तिथे बरो सात वेळा सॅक झाला (बॉल फेकायच्या आधीच आडवा) आणि रॅम्सकडून २३-२० हरलो. शेवटच्या चौथ्या डाउनला (शेवटच्या प्रयत्नाला) चेस वर मोकळा पळत होता हो, त्याला अडवणारा रॅम्झी मागे घसरून पडलेला, पण बॉल फेकायला वेळ कुठे, त्यांचा आरन डोनाल्ड येऊन बिलगला. तो एक प्ले आमच्या घरात दोघंही पुरावा म्हणून वापरतो. मुलगा म्हणतो बघा चेस मोकळा होता, मी म्हणतो बघ सेवेल नव्हता.

गेल्या सीझनला चेस कॅच, यार्ड, टचडाउन तिन्हीत लीगमध्ये पहिला. १२७, १७०८, १७. आणि आम्ही ९-८ (नऊ जिंकल्या, आठ हरलो) करून प्लेऑफच्या वेळी घरी पोहे खात बसलो. मार्चमध्ये त्याला चार वर्षांचे १६.१ कोटी डॉलर दिले, वर टी हिगिन्सला ११.५ कोटी. दोन रिसीव्हर, पावणेअठ्ठावीस कोटींच्या आसपास. डिफेन्सला काय, चहापाणी?

तर प्रश्न सरळ आहे. पहिल्या राउंडला, त्यातही पहिल्या दहात, रिसीव्हर घ्यावा का?

डेट्रॉइट_दादा

सेवेल आमच्या लायन्सकडे सातव्या नंबरला आला. बेंगल्सचे आभार, मिठाई कुठे पाठवू?

आता सिरियसली. मी २००१ पासून मिशिगनमध्ये आहे, रिसीव्हर लवकर घेण्यावर पीएचडी आहे माझी. २००३, दुसरा पिक, चार्ल्स रॉजर्स. लागोपाठ दोन सीझन त्याचं कॉलरबोन मोडलं. २००४, सातवा पिक, रॉय विल्यम्स. बरा होता. २००५, दहावा पिक, परत रिसीव्हर, माइक विल्यम्स! तीन वर्षं, तीन रिसीव्हर. मॅट मिलन टीमचे कारभारी (जीएम) होते. शेजारच्या गोऱ्या आजोबांनी त्या दिवशी अंगणातला लायन्सचा झेंडा काढून गॅरेजमध्ये टाकला तो मी स्वतः पाहिलाय. माइक विल्यम्सच्या पुढच्याच पिकला डॅलसने डिमार्कस वेअर घेतला, तो आज हॉल ऑफ फेममध्ये.

२००७ ला दुसऱ्या पिकवर परत रिसीव्हर घेतला तेव्हा मी म्हटलं आता टीम बदलायची. तो कॅल्विन जॉन्सन निघाला. २०१२ ला १९६४ यार्ड, आजही एका सीझनचा रेकॉर्ड तोच. आणि तो टीममध्ये असताना, २००८ मध्ये, आम्ही ०-१६ झालो. लोक डोक्यात कागदी पिशव्या घालून स्टेडियममध्ये बसायचे. एवढं पुरे की अजून सांगू?

सांगलीचा_पैलवान

माझ्या अनुभवाने पहिले दोन राउंड रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारे) घ्यावेत, रिसीव्हर तिसऱ्यापासून भरपूर मिळतात. ऑफिसच्या लीगमध्ये दोनदा जिंकलोय.

फिलीची_ताई

पैलवान, हे फॅन्टसीबद्दल नाहीये हो 😄 खऱ्या टीम, खरे पैसे, खरे गुडघे.

सांगलीचा_पैलवान

अरेच्चा. असू द्या, सल्ला फुकट आहे.

पुण्याहून_निवांत

मला यातलं काही कळत नाही, मुलगी ह्यूस्टनला असते म्हणून हळूहळू बघायला लागलोय. बाळबोध प्रश्न: आयपीएलसारखा लिलाव करून ज्याला हवा त्याने जास्त बोली लावून का घेत नाहीत? आणि हा रिसीव्हर नेमकं करतो काय, नुसता पळतो आणि झेलतो ना?

गणिती

काका, प्रश्न बाळबोध नाही. ३२ टीम, सात राउंड, आणि ज्याचा आदला सीझन सगळ्यात वाईट त्याचा नंबर पहिला. म्हणजे मागच्या बाकावरच्या पोराला पहिलं ताट. पैसेही बोली लावून नाहीत, २०११ पासून पिकच्या नंबरप्रमाणे पगार जवळजवळ ठरलेला. चार वर्षांचा करार, पहिल्या राउंडवाल्यांना टीमच्या मर्जीने पाचवं वर्ष. त्याआधी फार मोठे करार व्हायचे. २०१० चा पहिला पिक सॅम ब्रॅडफर्ड, सहा वर्षांचे ७.८ कोटी डॉलर, एकही मॅच खेळायच्या आधी.

या धाग्याचं अर्धं उत्तर इथेच आहे. चेसचा पहिला चार वर्षांचा करार साधारण ३.१ कोटींचा होता, अख्खा मिळून. आता त्याला वर्षाला ४ कोटींच्या वर. बाजारात सर्वोत्तम रिसीव्हर इतका महाग झालाय की ड्राफ्टमधून मिळाला तर चार वर्षं तुम्ही हापूस केळ्याच्या भावात खाताय. सॅलरी कॅप (टीमच्या एकूण पगाराची मर्यादा) सगळ्यांना सारखीच, त्यामुळे वाचलेला पैसा लाइनवर, डिफेन्सवर टाकता येतो. टाकता येतो म्हणालो. बेंगल्सने टाकला का हा वेगळा धागा.

आणि नुसता पळतो असं नाही. ठरलेल्या रूटवर ठरलेल्या पावलाला वळायचं, समोरचा कॉर्नरबॅक छातीला हात लावून अडवत असताना. क्वार्टरबॅक बॉल सोडतो तेव्हा बऱ्याचदा हा वळलेलाही नसतो.

पुण्याहून_निवांत

धन्यवाद गणितीराव. म्हणजे खो-खोसारखं, खो द्यायच्या आधीच समोरच्याने उठायची तयारी ठेवायची.

फिलीची_ताई

माझ्या जखमेवरची खपली ऐका. २०२०, आमचे फिलाडेल्फिया ईगल्स, २१ वा पिक. रिसीव्हर हवाच होता, बोर्डावर जस्टिन जेफरसन होता. आम्ही घेतला जेलन रेगर. पुढच्याच पिकला, २२ ला, व्हायकिंग्सने जेफरसन. माझे मिस्टर मिनेसोटात शिकलेले त्यामुळे घरातूनच टोमणे, अजून चालू आहेत.

पण दादा, तुमच्या उदाहरणांवरून रिसीव्हर घेऊच नये असं निघत नाही. रॉजर्सच्या पुढचाच पिक, तिसरा, आंद्रे जॉन्सन होता ना ह्यूस्टनचा? तोही रिसीव्हरच, तोही हॉल ऑफ फेममध्ये. तुम्ही पोझिशन बरोबर निवडली होती, माणूस चुकला.

डेट्रॉइट_दादा

ताई, हे म्हणजे मुलगी बघायला बरोबर घरी गेलो पण धाकटीऐवजी थोरलीला हो म्हणालो असं झालं.

(बायको मागून वाचतेय. ती थोरली आहे. रजा घेतो.)

ओहायोकर

हहपुवा 😂

चीजवडा

विस्कॉन्सिनहून नमस्कार. आमच्याकडे हा वादच नाही. ग्रीन बे पॅकर्सनी पहिल्या राउंडला शेवटचा रिसीव्हर घेतला २००२ साली, जेव्हॉन वॉकर. त्यानंतर एकही नाही. ग्रेग जेनिंग्स ५२ वा, जॉर्डी नेल्सन ३६ वा, रँडल कॉब ६४ वा, दावांते अॅडम्स ५३ वा. सगळे दुसऱ्या राउंडचे. थांबा, मुरू द्या, खा. लोणच्याचा नियम आहे.

रेवा_अटलांटा

चीजवडा, आणि त्या लोणच्यावर तुमच्या क्वार्टरबॅकला, आरन रॉजर्सला, सुपर बोल किती मिळाले? एक. २०२० मध्ये तो रिसीव्हरची वाट बघत होता आणि तुम्ही २६ व्या पिकला त्याच्या जागेवर बसायला दुसरा क्वार्टरबॅक आणलात. आई-बाबांकडे सायकल मागितली तर धाकटा भाऊ मिळाला.

चीजवडा

लागलं. पण तो क्वार्टरबॅक, जॉर्डन लव्ह, चांगला निघाला ना.

गणिती

मला विचाराल तर रिसीव्हर उशिरा घेण्यामागचं कारण मुरण्याचं नाही, पुरवठ्याचं आहे. कॉलेजमध्ये आता सगळे चार-चार रिसीव्हर पसरवून पास खेळतात, पोरं शाळेपासून उन्हाळाभर सात-सातचं पासिंग खेळतात. म्हणून दरवर्षी तयार रिसीव्हरची अख्खी टोपली येते. साडेसहा फुटाचा, दीडशे किलोचा आणि तरी पाय नाचणाऱ्यासारखे असा टॅकल मात्र देवच घडवतो, आणि वर्षाला दोन-तीनच घडवतो.

२०१९ बघा. पहिल्या राउंडला दोनच रिसीव्हर गेले, मार्कीझ ब्राउन आणि ३२ वा न'कील हॅरी. दुसऱ्या राउंडला डीबो सॅम्युएल, ए जे ब्राउन, डीके मेटकाफ, तिसऱ्यात टेरी मॅक्लॉरिन. इतर वर्षांचे बघा. कूपर कप तिसरा राउंड. टायरीक हिल पाचवा. पुका नाकुआ पाचवा, १७७ वा, आणि पहिल्याच वर्षी १४८६ यार्ड, रूकीचा रेकॉर्ड. अँटोनिओ ब्राउन सहावा.

रेवा_अटलांटा

गणिती, तुमच्या नावाला शोभत नाही हे. तुम्ही लॉटरी लागलेल्यांचे फोटो दाखवताय. पाचव्या राउंडचे जे रिसीव्हर ऑगस्टमध्येच कापले गेले आणि आता गावाकडे ट्रक चालवतात त्यांची यादी करा की, हातभर होईल. हिल आणि नाकुआ लक्षात राहतात कारण ते क्वचित घडतं. शिवाय दुसरा राउंड म्हणजे काही उशीर नव्हे, ३६ वा आणि ५१ वा पिक ही चांगली मोठी किंमत आहे.

आणि आता माझं रडगाणं. २०११, आमच्या फाल्कन्सनी रिसीव्हर हुलिओ जोन्ससाठी २७ वरून ६ वर उडी मारली, पाच पिक दिले, त्यात पुढच्या वर्षीचा पहिल्या राउंडचाही. तेव्हा मला वेडेपणा वाटला, पण हुलिओ एकही दिवस त्या किमतीला कमी पडला नाही. २०१७ च्या सुपर बोलमध्ये २८-३ पुढे होतो (कोणी काही बोलू नका), चौथ्या क्वार्टरमध्ये त्याने बाउंड्रीवर पाय कसेबसे आत ठेवून जो कॅच घेतला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. बॉल त्यांच्या २२ यार्डावर. तीन वेळा गुडघा टेकवून फील्ड गोल मारला तरी खेळ खलास. पुढे काय झालं? यार्ड गेले, मग सॅक, मग होल्डिंगची पेनल्टी, मग पंट (बॉल समोरच्यांकडे लांब मारून द्यायचा). पुढचं जगाला माहीत आहे, हरलो.

म्हणजे रिसीव्हरने आपलं काम केलं, लाइन फुटली. हे उदाहरण नेमकं कोणत्या बाजूचं हे मला आठ वर्षं झाली तरी ठरवता आलेलं नाही.

ओहायोकर

रेवा, आपण एकाच दवाखान्यातले पेशंट.

नॅशविल_नाना

उशिरा आलो. वरचा प्रश्न "घ्यावा का" असा आहे, मी म्हणतो "मिळालेला सोडावा का" हा विचारा. ए जे ब्राउन आमच्या टायटन्सना ५१ व्या पिकला मिळाला. गणितींच्या भाषेत केळ्याच्या भावात हापूस. तीन वर्षं खाल्ला. मग पैसे द्यायची वेळ आली तेव्हा २०२२ च्या ड्राफ्टच्या रात्री त्याला ईगल्सला देऊन टाकला, १८ वा आणि १०१ वा पिक घेऊन. आणि त्या १८ व्यावर काय घेतलं? दुसरा रिसीव्हर! मी ताटावरून उठलो, सौ. म्हणाल्या कोणाचं काही बरंवाईट झालं का.

डिसेंबरमध्ये ईगल्सविरुद्ध मॅच, ब्राउनने दोन टचडाउन ठोकले, ३५-१० हरलो, दोन दिवसांनी जीएमची नोकरी गेली. टीममधला रिसीव्हर महाग वाटला म्हणून ड्राफ्टमधून स्वस्त आणायचा हा जो हिशोब आहे ना, तो ताईंच्या फिलीला विचारा, त्या सध्या सुपर बोल जिंकल्याच्या अंगठीला पॉलिश करत असतील.

आणि ओहायोकर, बरोला एका मॅचमध्ये नऊ वेळा सॅक केलं ते आम्हीच. तरी तुम्ही १९-१६ जिंकलात. त्या दिवशी मला वाटलं लाइन-बिइन सगळं झूट आहे.

फिलीची_ताई

नाना, पॉलिश चालूच आहे 💚 फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये चीफ्सना ४०-२२ हाणलं. पण खरं सांगते, ती मॅच रिसीव्हरनी जिंकली असं मी म्हणणार नाही. आमच्या चौघांनी समोरून त्यांच्या क्वार्टरबॅकला, महोम्सला, सहा वेळा आडवा केला, ब्लिट्झची (जास्तीचे लोक धाडायची) गरजच पडली नाही. आणि आमच्या लाइनमधला जॉर्डन मायलाटा सातव्या राउंडचा, ऑस्ट्रेलियाचा रग्बीवाला, आयुष्यात त्याआधी अमेरिकन फुटबॉल खेळला नव्हता. मग गणितींचा "टॅकल देवच घडवतो" हा मुद्दाही पुरता टिकत नाही, आमच्या लाइन कोचने एक घडवला.

शिवाय डेव्हॉन्टा स्मिथ आमचा दहावा पिक, २०२१. म्हणजे एक लवकर घेतलेला, एक विकत घेतलेला. आम्ही सगळ्या दुकानातून सामान आणतो.

डेट्रॉइट_दादा

परतलो. जेवण मिळालं.

२०२१ च्याच ड्राफ्टमधलं आमचं सांगतो. सेवेल सातवा. मग चौथ्या राउंडला, ११२ वा, अॅमन-रा सेंट ब्राउन. त्याच्याआधी १६ रिसीव्हर गेले होते, त्या पठ्ठ्याला ती सोळाच्या सोळा नावं क्रमाने पाठ आहेत, आपल्याकडे पाढे असतात तशी. गेल्या एप्रिलमध्ये दोघांचे करार एकाच दिवशी झाले. सेवेल ११.२ कोटी, सेंट ब्राउन १२ कोटी. टॅकल लवकर, रिसीव्हर उशिरा, दोन्ही पदरात. आणि गेल्या सीझनला १५-२.

आणि हो, २०२२ मध्ये व्हायकिंग्सविरुद्ध शेवटी फर्स्ट डाउन हवं होतं तेव्हा सेवेलने स्वतः पास झेलला. आमचा टॅकलच रिसीव्हर आहे, वेगळा घ्यायचाय कशाला.

रेवा_अटलांटा

१५-२ आणि मग पहिल्याच प्लेऑफला घरच्या मैदानावर वॉशिंग्टनकडून ४५. ते पण सांगा.

डेट्रॉइट_दादा

तुम्ही २८-३ वर बोलू नका म्हणालात, मी गप्प बसलो होतो.

गणिती

भांडू नका. रेवा, लॉटरीचा मुद्दा मान्य, मी चोखंदळपणे नावं वेचली. उलट बाजूने एक देतो, ओहायोकर माफ करा. २०१७, नववा पिक, बेंगल्स, जॉन रॉस. का? तर ४० यार्ड ४.२२ सेकंदात, तेव्हाचा रेकॉर्ड. दहावा पिक कोण होता आठवतं? पॅट्रिक महोम्स. चीफ्स २७ वरून वर चढून आले होते.

ओहायोकर

हे माझ्या मुलाला सांगू नका प्लीज. तेव्हा आमच्याकडे अँडी डाल्टन होता, आम्हाला क्वार्टरबॅक नको होता, हे मी रोज झोपताना स्वतःला सांगतो.

सांगलीचा_पैलवान

मी परत. यंदा तो ट्रॅव्हिस हंटर आहे ना, रिसीव्हर पण खेळतो आणि कॉर्नरबॅक पण, त्याला घेतला तर रिसीव्हर लवकर घेतला असं धरायचं का?

पुण्याहून_निवांत

अष्टपैलू म्हणायचं. पगार एकाचाच ना?

*(२७ एप्रिल)*

चीजवडा

मंडळी!!! २३ वर्षांनी!!! २३ वा पिक, मॅथ्यू गोल्डन, टेक्सासचा रिसीव्हर, आणि तोही आमच्याच गावात, आमच्याच स्टेडियमच्या दारात. मी तिथे होतो. घसा गेलाय म्हणून टाइप करतोय. जो आवाज झाला ना, माझ्या डाव्या बाजूचा सहा फुटी माणूस रडत होता, मी त्याला ओळखत नाही, आम्ही मिठी मारली.

फिलीची_ताई

आणि लोणच्याचं काय झालं?

चीजवडा

लोणचं खाऊन खाऊन ॲसिडिटी झाली होती.

नॅशविल_नाना

जॅक्सनव्हिलने हंटरसाठी पाचवरून दोनवर जायला पुढच्या वर्षीचा पहिला राउंड देऊन टाकला. रेवाताईंच्या हुलिओची आठवण झाली. हुलिओच्या वेळी पिक घेणारे ब्राउन्सच होते, आताही तेच. त्यांना पिक घ्यायची सवय आहे, वापरायची नाही.

ओहायोकर

आमचं सांगतो. १७ वा पिक, शेमार स्टुअर्ट, टेक्सास ए अँड एमचा डिफेन्सिव्ह एंड. चला, डिफेन्स घेतला एकदाचा, मी खूश होऊन चहा टाकला. मुलगा (आता तेरा) फोनवर काहीतरी बघत शांतपणे म्हणाला, बाबा, याने कॉलेजच्या तीन वर्षांत मिळून साडेचार सॅक केलेत. चहा उतू गेला.

मग मीच विचारलं, तुझ्या मते कोण घ्यायला हवा होता. म्हणाला, लाइनमन. मी म्हटलं अरे चार वर्षं माझ्याशी चेसवरून भांडतोस आणि आता लाइनमन? तर म्हणे, "चेस आलाय ना आता, मग त्याला बॉल कोण पोचवणार?" शाळेत फ्लॅग फुटबॉलमध्ये यंदा त्याला क्वार्टरबॅक केलाय, हे सांगायचं राहिलं. आठवडाभर पाठीवर पडतोय.

गणिती

त्याला जीएम करा.

रेवा_अटलांटा

सगळे आले, डेट्रॉइट_दादा कुठे आहेत? तीन दिवस ऑनलाइन दिसतायत पण गप्प. तिसऱ्या राउंडला लायन्सनी ७० व्या पिकपर्यंत उडी मारली, पुढच्या वर्षीचे तिसऱ्या राउंडचे दोन-दोन पिक देऊन. कोणासाठी बरं? ऐकलं रिसीव्हर आहे. आयझॅक टेस्ला की कोणी.

फिलीची_ताई

दादाऽऽऽ

डेट्रॉइट_दादा

पोरगा मिशिगनचा आहे. हडसनव्हिलचा. सहा फूट चार इंच आहे. ब्लॉकिंग पण करतो म्हणतात.

आणि तिसरा राउंड म्हणजे लवकर नव्हे. वाचा गणितींचा प्रतिसाद.